आठ बाहूंचा वाढदिवस

माझ्या लेकीच्या चौथ्या वाढदिवसाला मी बैठकीच्या खोलीचे जंगल केले होते. तपकिरी कागद गुंडाळून केलेले बुंधे, क्रेप कागदाच्या वेली, पुठ्ठा कातरून रंगवलेला हत्ती आणि छताला टांगलेली चाळीसएक पाने असा तो देखावा उभा करायला तीन रात्री लागल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मुले आली, दारात क्षणभर थबकली, त्यांतील एकाने हत्तीची सोंड ओढून ती निघते का हे पाहिले (ती निघाली), आणि त्यानंतर त्या जंगलाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

पुढच्या दोन तासांत नेमके काय बिघडले याचा हिशेब मी त्या रात्री पाने खाली काढता काढता मांडला. सिंहाच्या उघड्या जबड्यात चेंडू टाकण्याचा खेळ मी मोठ्या हौसेने केला होता. चेंडू एक होता आणि मुले दहा होती. प्रत्येकाला तीन संधी द्यायच्या, चेंडू कपाटाखाली गेला की काठीने काढून आणायचा, यात एकेका मुलामागे दीड मिनिट जात होते, आणि या दराने दहाव्या मुलाचा क्रमांक लागेपर्यंत साडेतेरा मिनिटे लोटणार होती. चार वर्षांच्या मुलाने साडेतेरा मिनिटे रांगेत उभे राहावे ही अपेक्षा मी कशाच्या बळावर केली होती, हे मला आजही सांगता येत नाही. रांग चौथ्या मुलापाशीच मोडली. त्यानंतर घेतलेल्या संगीत खुर्चीत सर्वांत आधी बाद झाली ती उत्सवमूर्तीच, आणि उरलेला खेळ तिने जेवणाच्या टेबलाखाली बसून, हुंदके देत ऐकला.

सजावट कमी पडली होती असे मुळीच नव्हते. खेळही वाईट नव्हते. पण प्रत्येक खेळात एक मूल खेळत होते आणि नऊ मुले त्याच्याकडे पाहत होती. ज्याला खेळ सर्वांत कमी जमत होता तो सर्वांत आधी बाहेर पडत होता, आणि बाहेर पडलेल्या मुलाला करायला काहीही ठेवलेले नव्हते. म्हणून पाचव्या वाढदिवसासाठी मी वहीच्या पहिल्या पानावर एकच नियम लिहिला: कोणत्याही मुलाला एका मिनिटाहून अधिक वाट पाहावी लागेल असा खेळ घ्यायचा नाही. दिसायला तो साधा वाटला, तरी ठरवलेल्या अकरा गोष्टींपैकी सात गोष्टी त्याने पहिल्याच संध्याकाळी खोडून टाकल्या.

तयारी दीड महिना आधी सुरू झाली. विषय लेकीने निवडायचा असे ठरले होते, आणि तिने तो आठवडाभरात तीन वेळा बदलला. आधी अग्निशामक गाडी, मग गोगलगाय, आणि शेवटी ऑक्टोपस. ऑक्टोपस टिकला, कारण त्याला तीन हृदये असतात आणि त्याचे रक्त निळे असते हे तिला कुठल्याशा चित्रांच्या पुस्तकातून कळले होते आणि ही माहिती ती भेटेल त्याला देत होती. मराठीत आपण त्याला अष्टपाद म्हणतो खरे, पण ते पाय नसून बाहू आहेत, असेही मला तिच्याकडून ऐकावे लागले. त्या आठ बाहूंनीच पाहुण्यांची संख्या ठरवली. प्रत्येक मुलाने एक बाहू करायचा, म्हणजे ती स्वतः आणि तिचे सात मित्रमैत्रिणी, अशी आठ मुले झाली. ताईचा अडीच वर्षांचा मुलगाही येणार होता. त्याच्या वाट्याला डोळा आला.

डोके पत्नीला आणि मला आधी करून ठेवायचे होते. ते कागदाच्या लगद्याच्या जातीचे, म्हणजे फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीने चिकटवून करायचे, हे मला ठाऊक होते आणि म्हणूनच मी गाफील होतो. एक वाटी मैदा आणि चार वाट्या पाणी गुठळ्या न होऊ देता शिजवून खळ केली, सुमारे तीस सेंटिमीटर व्यासाचा फुगा फुगवला, आणि एका बैठकीत पाच थर देऊन टाकले. वरचा थर दोन दिवसांत खडखडीत वाळला आणि त्याने आतल्या ओलाव्याला बाहेर पडायची वाट ठेवली नाही. चौथ्या दिवशी वास येऊ लागला, आणि पाचव्या दिवशी फुग्याच्या गाठीभोवती करड्या-हिरव्या बुरशीचे ठिपके दिसले. ते डोके टाकून द्यावे लागले.

दुसऱ्या डोक्याला मी एकच थर दिला, पण तो संध्याकाळी दिला. रात्री हवा थंड झाली, फुग्यातील हवा आकसली, थोडी रबरातून झिरपलीही असेल, आणि ओला कागद फुग्याच्या मागे आत ओढला गेला. सकाळी आमच्या ऑक्टोपसच्या कपाळाला खोल खळगा पडलेला होता. लेकीने तो बराच वेळ न्याहाळला आणि "बाबा, याला कोणी मारलं?" असे विचारले. तिसऱ्या वेळी मात्र पहिला थर सकाळी लवकर दिला आणि पंख्याखाली ठेवला; संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःचा आकार धरला, आणि पुढचे दोन थर एकेका दिवसाच्या अंतराने निर्धोक चढले. ज्या प्राण्याला तीन हृदये असतात त्याला आम्ही तीन डोकीही दिली, असे पत्नीचे म्हणणे पडले.

या खटाटोपात दोन बारकावे हाती लागले, ते आधी कोणी सांगितले असते तर माझा आठवडा वाचला असता. पट्ट्या कात्रीने कापण्यापेक्षा हाताने फाडाव्यात, कारण फाटलेल्या कडेचे तंतू मोकळे होऊन शेजारच्या पट्टीत मिसळून जातात, तर कापलेली कड वाळल्यावर रेघेसारखी उठून दिसते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, म्हणून सरळ फाटण्याची दिशा आधी एका तुकड्यावर पाहून घ्यावी. आणि एक थर छापील कागदाचा व दुसरा कोऱ्या कागदाचा द्यावा, म्हणजे कोठे थर चढला आणि कोठे राहिला हे शोधत बसावे लागत नाही.

फुगा फोडल्यावर त्याचा प्रत्येक तुकडा मी मोजूनमापून उचलला. याला अतिदक्षता म्हणता येईल, पण घरात अडीच वर्षांचे मूल येणार होते, आणि फुटक्या रबराचा तुकडा श्वासनलिकेत चिकटून बसला तर तो खोकून बाहेर पडत नाही. अमेरिकेत १९९४ च्या बालसुरक्षा कायद्यानुसार फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालील मुलांसाठी इशारा छापावा लागतो. आम्ही त्यानंतर सजावटीत फुगे वापरायचेच नाहीत असे ठरवले आणि त्यांची उणीव कोणाला भासली नाही.

बाहू मी कागदी कड्यांच्या साखळीने करायचे ठरवले, कारण हे काम पाच वर्षांच्या हाताला जमते आणि कोठेही थांबवता येते. ए-फोर कागदाच्या रुंदीइतकी, म्हणजे एकवीस सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद पट्टी घेतली, तिची टोके दोन सेंटिमीटर एकमेकांवर चढवली, की सुमारे सहा सेंटिमीटर व्यासाचे कडे तयार होते. मीटरभर लांबीला अशी सतरा कडी लागतात आणि एका कागदातून नऊ पट्ट्या निघतात. आठ बाहूंना १३६ पट्ट्या, म्हणजे सोळा कागद. हे गणित मला फार समाधान देऊन गेले, आणि ते तेवढ्याच लवकर कोसळले, कारण चाचणी म्हणून लेकीला बसवले तेव्हा तिने दहा मिनिटांत सहा कडी केली आणि त्यांपैकी दोन उकलली. डिंकाची कांडी लावल्यावर जोड काही सेकंद दाबून धरावा लागतो, आणि ती चिकटला का हे पाहण्यासाठी लगेच हात काढत होती. स्टेपलर मुलांच्या हाती द्यायचा नव्हता. चिकटपट्टीचे तुकडे कापून टेबलाच्या कडेला लावून ठेवले, तर ते एकमेकांना चिकटले.

उपाय लेकीच्याच खेळण्यात सापडला. तिच्याकडे पाठीला गोंद असलेल्या गोल टिकल्यांचे, म्हणजे स्टिकरांचे कागद होते, आणि ती ऑक्टोपसच्या चित्रावर चूषक, म्हणजे बाहूंवरच्या चिकटून धरणाऱ्या गोल वाट्या, म्हणून एकेक टिकली डकवत बसली होती. जोडावर आतून-बाहेरून एकेक टिकली दाबली की कडे पक्के बसते, आणि जोड झाकायचा प्रश्न उरत नाही, कारण टिकली म्हणजेच चूषक. शिवाय प्रत्येक बाहूची पहिली आठ कडी आम्ही आधी करून ठेवली, म्हणजे ज्याला कंटाळा येईल त्याचाही बाहू अगदीच थोटा राहणार नाही. कपडे वाळत घालायचे आठ चिमटे डोक्याच्या खालच्या कडेला सुतळीने बांधले आणि बाहू त्यांत अडकवायचे ठरवले. बाहू चटकन काढता यावेत असा विचार त्यामागे नव्हता. पण शेवटी चिमट्यांचा उपयोग नेमका त्यासाठीच झाला.

गळाने मासे पकडण्याचा खेळ मला सोडवत नव्हता. एका मिनिटाच्या नियमात तो बसवायचा तर आठ मुलांना आठ गळ हवेत, एवढे उघड होते. वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करून काठ्या केल्या, म्हणजे एखादी कोणाच्या डोळ्याजवळ गेली तरी लाकडासारखी इजा व्हायची नाही. दोरी तीस सेंटिमीटरच ठेवली, कारण लांब दोऱ्या आधी एकमेकींत आणि मग गळ्यांत अडकतात. कार्डपेपरच्या माशांच्या तोंडाला पोलादी जेमक्लिपा लावल्या. प्रश्न लोहचुंबकांचा होता. छोटे, चकचकीत आणि अतिशय शक्तिशाली असे चुंबक सहज मिळतात, पण त्यांतील दोन गिळले गेले तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या वळणांतून एकमेकांना ओढतात आणि मधल्या भिंतीला भोक पाडू शकतात. त्यामुळे ते घरात आणायचेच नाहीत असे ठरवले. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील सुटे भाग तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर आतील व्यासाची नळी वापरतात आणि जो भाग तीत पूर्ण मावतो तो धोक्याचा धरतात. म्हणून मी चाळीस मिलिमीटर व्यासाची काळी, गोल, मधे भोक असलेली फेराइट चुंबके घेतली आणि प्रत्येक चुंबक कापडी पिशवीत घालून पिशवी चारही बाजूंनी शिवून टाकली. जेमक्लिपा मात्र त्या नळीत सहज मावल्या असत्या, म्हणून त्या माशांना चिकटपट्टीने गुंडाळून पक्क्या केल्या आणि खेळाच्या वेळी भाच्याला ताईच्या मांडीवर ठेवायचे ठरले. शिवणकाम माझेच होते, आणि ते पिशव्यांकडे पाहून लगेच कळत होते.

आदल्या दिवशी आम्ही दोघे आणि लेक मिळून सराव केला, तेव्हा जे आधीच सुचायला हवे होते ते लक्षात आले. आठ गळ म्हणजे आठ चुंबक, आणि चुंबकांना माशांपेक्षा एकमेकांची ओढ अधिक असते. दोन गळ जवळ आले की खटकन चिकटत आणि दोऱ्यांचा पीळ बसे. मी दोन टब केले, एकेका टबाभोवती चार मुले चार कोपऱ्यांत बसवायची असे ठरवले, आणि तेवढ्यावर समाधान मानले.

संगीत खुर्ची कायमची रद्द झाली होती, पण गाणे थांबले की धावून जागा पकडण्यातली मजा मला मुलांकडून काढून घ्यायची नव्हती. तेव्हा खुर्च्यांऐवजी बेटे केली. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने आठ वर्तुळे आखली. गाणे चालू असताना सर्वांनी पोहायचे, गाणे थांबून "भरती आली" अशी हाक आली की बेटावर चढायचे, आणि दर फेरीला एक बेट बुडायचे. मुले मात्र सर्व शेवटपर्यंत राहणार, म्हणजे शेवटी आठ जणांना दोन बेटांवर मावायचे असते. पहिल्यांदा मी वर्तुळांऐवजी वर्तमानपत्राचे ताव पसरणार होतो, पण गुळगुळीत फरशीवर मी स्वतः घसरून पाहिल्यावर तो बेत सोडला.

शिंपल्यांच्या शोधाबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. आदल्या वर्षीच्या शोधात एका चपळ मुलीने जवळजवळ सारे एकटीने गोळा केले होते, म्हणून या वेळी प्रत्येकाला स्वतःची खूण दिली आणि त्या खुणेचे पाचच कागदी शिंपले लपवले. खूण नुसती रंगाची न ठेवता तिला आकारही दिला, कारण लाल आणि हिरवा नीट वेगळे न दिसणारे मूल गटात असू शकते आणि या वयात ते त्याला स्वतःलाही माहीत नसते. हा भाग अपेक्षेपेक्षा सुरळीत पार पडला.

आता टेबलाविषयी. दोन तासांत मुले एकाच वेळी येत नाहीत आणि सर्वांना सर्व खेळ हवे असतात असेही नाही. म्हणून एका कोपऱ्यातले टेबल सुरुवातीपासून शेवटपर्यंत उघडे ठेवायचे आणि तेथे कोणीही, केव्हाही, कितीही वेळ बसावे असे ठरले. तेथे दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे घरी शिजवलेली मळण्याची माती: एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि दोन लहान चमचे क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे केक वगैरे भाजताना वापरतात ती आंबट पूड. हे मंद आचेवर ढवळत राहिले की आधी पातळ घोळ असतो, मग एकाएकी कडेने सुटून गोळा होतो, कारण पिठातील स्टार्च साठ अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी शोषून फुगू लागतो. न शिजवताही अशी माती करता येते, पण ती लवकर चिकट होते, शिवाय कच्च्या पिठात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात आणि लहान मुले हातातले तोंडात घालणार हे गृहीत धरावेच लागते. मीठ एवढे असते की दुसरा घास कोणी घेत नाही. मैदा चालत नाही असे मूल कोणी आहे का, हे आम्ही पालकांना आधी विचारून घेतले होते. बाजारात मिळणारे प्ले-डो हे मुळात भिंतीवरच्या कागदाची काजळी पुसण्याचे साधन होते आणि खेळणे म्हणून ते १९५६ साली विकायला आले, हे वाचल्यापासून मी आमच्या भिंतीवरचे तेलखडूचे डाग या मातीने पुसून पाहिले आहेत. ते निघत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे कॉर्नफ्लोर आणि पाणी. साधारण दोन वाट्या कॉर्नफ्लोरला एक वाटी पाणी एवढेच त्यात असते. हळूच बोट घातले तर ते दुधासारखे वाट देते, आणि मूठ आपटली तर दगडासारखे अडवते, कारण एकदम दाब आला की स्टार्चचे कण बाजूला सरायला वेळ न मिळाल्याने एकमेकांत अडकून बसतात. आम्ही त्यात थोडा निळा खाण्याचा रंग घातला आणि त्याला समुद्रतळाचा गाळ असे नाव दिले. सरावानंतर मी तो गाळ भांडी घासण्याच्या मोरीत ओतला. स्टार्च पाण्यात विरघळत नाही, तो तळाशी बसतो आणि घट्ट होतो, हे मी दहा मिनिटांपूर्वी लेकीला समजावून सांगितले होते. नळ दुरुस्त करणाऱ्यांनी वाकडी नळी उघडून निळा दगड बाहेर काढला आणि ते काय आहे असे विचारले. मी ते माझ्या मुलीचे असल्याचे सांगितले.

बक्षिसांवरून घरात थोडा वाद झाला. सर्वांत लांब बाहू करणाऱ्याला काहीतरी द्यावे असे पत्नीचे मत होते, आणि त्यामुळे मुले बसून काम करतील हा तिचा मुद्दा चुकीचा नव्हता. मला मात्र मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग आठवत होता. चित्रे काढायची मुळातच आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांपैकी काहींना त्यांनी चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, काहींना ते न सांगता नंतर दिले, आणि काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळात जी मुले चित्रे काढण्यात सर्वांत कमी रमली ती आधी आमिष दाखवलेल्या गटातली होती. बक्षीस नको, यावर शेवटी एकमत झाले, अर्थात प्रयोगाचा दाखला देऊन संसारातला वाद जिंकण्याची ही पद्धत मी कोणाला सुचवणार नाही.

प्रत्यक्ष दिवशी पहिले मूल दहा मिनिटे लवकर आले आणि शेवटचे पंचवीस मिनिटे उशिरा. आदल्या वर्षी या अर्ध्या तासात लवकर आलेली मुले सोफ्यावरून उड्या मारत होती. या वेळी ती सरळ गाळाच्या परातीपाशी गेली, आणि सर्व जमेपर्यंत कोणाला काही सांगावेच लागले नाही. बाहू करायला वीस मिनिटे ठेवली होती. दोन मुलांनी पाच मिनिटांत तीनतीन कडी जोडून काम संपल्याचे जाहीर केले, एका मुलीने आयत्या आठ कड्यांना आणखी पंधरा जोडून बाहू जमिनीवर लोळवला, आणि एका मुलाने कडी मुळीच न करता पट्टीच्या दोन्ही बाजू टिकल्यांनी गच्च भरल्या. आठही बाहू चिमट्यांना लटकवून डोके वर खेचले, तेव्हा तो प्राणी एका बाजूला एवढा कलला की तो वादळातून आल्यासारखा दिसत होता. भाच्याने डोळा ज्या जागी चिकटवला ती जागा माझ्या मते हनुवटीची होती. या ऑक्टोपसची सोंड ओढून पाहण्याची इच्छा कोणालाही झाली नाही; प्रत्येक जण आपला बाहू कोणता हे शेजारच्याला दाखवण्यात गुंतला होता.

मासे पकडताना गळ अर्थातच एकमेकांना चिकटले. दोन टब आणि चार कोपरे ही माझी व्यवस्था अर्धे मिनिटही टिकली नाही, आणि मी गुंता सोडवायला वाकलो तर मुलांनी मला हाकलून लावले, कारण गळाने गळ पकडणे हाच त्यांनी खेळ ठरवला होता. टबात चोवीस मासे होते, त्यांतले चौदा शेवटपर्यंत टबातच राहिले. बेटांच्या खेळात शेवटच्या दोन बेटांवर चार आणि तीन मुले एकमेकांच्या कमरेला धरून, एका पायावर उभी होती, आणि हा खेळ लागोपाठ तीन वेळा घ्यावा लागला. मेणबत्त्या, गाणे आणि खाऊ यांत वीस मिनिटे गेली. क्रेप कागदाच्या झालरी ज्योतीपासून दूर बांधल्या होत्या, एवढेच त्याबद्दल सांगतो.

एक मुलगा मात्र कोणत्याही खेळात आला नाही. तो पूर्ण वेळ गाळाच्या परातीपाशी उभा होता, मूठ आपटत होता, मग बोट बुडवत होता, आणि मधूनमधून मान वळवून बेटांकडे पाहत होता. मी दोनदा त्याला बोलावले. तिसऱ्यांदा बोलावणार तेवढ्यात मला संशोधक मिल्ड्रेड पार्टन यांची वर्गवारी आठवली. १९३२ साली त्यांनी बालवाडीच्या मुलांचे निरीक्षण करून मुले एकमेकांत कशी मिसळतात याचे सहा प्रकार मांडले होते, आणि त्यांत एकट्याने खेळणे आणि इतरांचा खेळ पाहत राहणे या दोहोंना स्वतंत्र जागा होती. मी मागे फिरलो. आदल्या वर्षीच्या रांगेतली मुलेही पाहतच होती, पण त्यांना पाहण्याखेरीज दुसरे काही करता येत नव्हते. या मुलाला वाटेल तेव्हा परात सोडून जाता येत होते आणि तो जात नव्हता, हा फरक मला तेथे उभा असताना स्पष्ट दिसला.

निघायच्या वेळी जे झाले त्याची तयारी मी केली नव्हती. भेट म्हणून प्रत्येकाला डबीत घातलेला मातीचा गोळा द्यायचा होता. पहिल्या मुलीने डबी घेतली आणि मग शांतपणे आपला बाहू मागितला. तो तिने केला होता, त्यामुळे नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हते. मी चिमटा उघडला. ते पाहून बाकीचे सहा जण रांगेत उभे राहिले, आणि त्या दिवसातली ती पहिली रांग होती. चिमटे असल्यामुळे ती दीड मिनिटात संपली. गाळाजवळच्या मुलाने बाहू केलाच नव्हता, त्याने आयत्या आठ कड्यांचा सांगाडा तसाच मागून घेतला. छताला आता एक डोके, हनुवटीवरचा डोळा आणि लेकीचा एक बाहू एवढेच लटकत होते.

मी लेकीकडे पाहिले आणि टेबलाखालच्या हुंदक्यांची मनाने तयारी केली. तिने डोक्याकडे पाहिले, मग मला सांगितले की ऑक्टोपसचा बाहू तुटला तर तो पुन्हा उगवतो. हे खरे आहे, मी नंतर तपासले. पुढच्या पंधरा दिवसांत तिने उरलेल्या टिकल्या संपेपर्यंत तीन बाहू उगवले, आणि चौथा अर्ध्यावर आहे.

साफसफाईला पाऊण तास लागला. गाळ जमिनीवर सांडला होता तो ओला असताना न पुसता वाळू दिला आणि मग झाडूने भुकटीसारखा गोळा केला. परातीतला गाळ वर्तमानपत्रावर पसरून, वाळवून कचऱ्यात टाकला. चार दिवसांनी त्या परातीजवळच्या मुलाच्या वडिलांचा फोन आला. मुलगा घरी तेच करायचे म्हणून हटून बसला आहे, प्रमाण काय ते सांगाल का, असे त्यांनी संकोचून विचारले. मी म्हटले, "दोन वाट्या कॉर्नफ्लोर, एक वाटी पाणी." पलीकडे क्षणभर शांतता पसरली, आणि मग त्यांनी विचारले, "आणि समजा, कालचं मोरीत ओतलं असेल, तर?"